एडका मागं सरला तेव्हा

जुन्नर, मंगळवार

श्री. गोरक्ष साडूभाऊ यांना गेणूचा उभ्या-उभ्या नमस्कार.

आणे पठारावर मेंढरं कशी आहेत, पाणी किती उरलंय आणि मोहिनीताईंचा गुडघा कसा आहे? (याच क्रमानं विचारतो, कारण तुम्हीही याच क्रमानं सांगता.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. फक्त गेले चार दिवस मी चहा उभ्यानं पितो. जगात याहून मोठी संकटं असतील, पण बशीतल्या चहावर उभ्यानं फुंकर मारली की तो शर्टावर येतो, आणि बसावं तर बसायची जागा सुजलेली. हे पत्र खिडकीच्या फळीवर लिहितोय, म्हणून ओळी चढणीला लागलेल्या दिसतील. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही.

कारण तुमचा एडका. ऋतिका अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा ‘पोरीला करमायचं न्हाई, सोबत असू द्या’ म्हणून तुम्ही एक कोकरू पाठवलंत. (लोक लोणच्याची बरणी पाठवतात.) मी कचेरीतून आलो की ते कपाळ पुढं करायचं, मी तळहातानं ढकलायचो, ते पुन्हा यायचं. नंदा पहिल्याच दिवशी म्हणाली, “आवं, कोकराचं कपाळ ढकलू नगा, टकरा मारायला शिकंल!” सात पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या घरातला मी, मला शिकवते! मी आठ महिने ढकलत राहिलो. कोकराचा एडका झाला, शिंगं वळली. माझ्या मनात मात्र ते कोकरूच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात वाकून टॉवेल पिळत होतो. एडका मला बघून आठ-दहा पावलं मागं सरला. मी नंदाला म्हणालो, “बघ, कसं घाबरलंय मला.” ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली तुमची लेक ओरडली, “काका, घाबरला न्हाई त्यो, वेग घ्यायला मागं गेलाय! बाजूला व्हा!” यातलं ‘बाजूला व्हा’ मला ऐकू आलं तेव्हा मी तुळशीच्या पलीकडं होतो.

हळद लावायची सोडून तिनं मला संवेग समजावला. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. कोकरू आठ किलोचं होतं, एडका पस्तिसाचा, आणि वर पळत आलेला. धडकून तो जागीच थांबला, मग त्याचा संवेग गेला कुठं? माझ्यात. मग मी त्याच्याच वेगानं का नाही उडालो? “तुमचं वस्तुमान लई हाय, काका.” (हे तिनं आनंदानं सांगितलं.) संवेगात जेवढा फरक पडायचा तेवढा पडतोच, त्याला आवेग म्हणतात; तो क्षणात उरकला तर दणका मोठा, सावकाश उरकला तर लहान.

मी म्हणालो, पुराव्याशिवाय मानणार नाही. तिनं शेजारच्या चिमाबाईंकडून चार अंडी आणली. एक मी भिंतीवर मारलं. फुटलं, यात शास्त्र कसलं? मग ती म्हणाली, “एखादी घोंगडी हाय का?” उत्साहाच्या भरात मी माळ्यावरच्या ट्रंकेतून घोंगडी काढून आणली. नंदानं आणि तिनं ती सैल धरली आणि मी उरलेली तीन अंडी जिवाच्या आकांतानं हाणली. एक फुटेल तर शपथ! घोंगडी मागं झुलते आणि अंडं सावकाश थांबतं. (हे आधी कळतं, तर शुक्रवारी मी घोंगडी गुंडाळूनच वाकलो असतो.) घडी घालताना मात्र तिनं घोंगडीचा एक कोपरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो कोपरा आत दडवून घडी माझ्या हातात दिली.

आता तुमच्या निरोपाबद्दल. दिवाळीआधी तिला भौतिकशास्त्रात पन्नासात नऊ पडले, हे मीच तिखटमीठ लावून तुम्हाला कळवलं होतं. त्यावर तुम्ही येत्या रविवारी येऊन पोरीला कायमची घरी नेणार आहात. या. पण काल शनिवारच्या सराव परीक्षेचा पेपर मिळाला: एकेचाळीस. संवेगाच्या उत्तरात तिनं उदाहरण दिलंय, ‘समजा, अठ्ठ्याऐंशी किलोचे एक काका अंगणात वाकलेले आहेत.’ सरांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. मी ब्याऐंशी किलोचा आहे. या बदनामीबद्दल तुम्ही तिला रागवावं, एवढीच माझी तक्रार.

तुमचा,
(बसता न येणारा) गेणू

ता. क. रविवारी रिकाम्या हातानं परत जाऊ नका. एडका न्या. पोरगी राहू द्या.

ता. क. दुसरा. पत्राबरोबर एसटीनं एक गाठोडं पाठवतोय. त्यात घोंगडी आहे. नऊ वर्षांपूर्वी पावसात तुमच्याकडून पांघरून आणलेली आणि ‘गाडीत राहिली हो’ असं मी दर दिवाळीला सांगत आलो, तीच. कोपऱ्यावर तुमच्या आईनं घातलेली लाल शिवण शाबूत आहे. पोरीनं ओळखली; अजून मावशीलाही बोललेली नाही. घडीत बारावीचा फॉर्म ठेवलाय, पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. सही केलीत तर फॉर्म परत पाठवा. नाही केलीत तरी घोंगडी तुमचीच.