पाचर

ता. १२, रविवार

प्रिय ठमे,

आम्ही सगळे ठीक. तुझी काळी कुत्रीही ठीक आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

विजेच्या मोटारीच्या तारा खाचेतून सुटू नयेत म्हणून आम्ही बांबूची पाचर ठोकतो. अशा पाचरी वर्कशॉपात फुकट लोळत असतात. त्यातली एक या आठवड्यात भलतीच महाग पडली: डॉक्टरांची फेरी, तुझ्या वहिनीचा अबोला आणि काळीचे दोन दिवस अन्नावाचून.

फोनवर मी ऐटीत सांगितलं, की काळीच्या तोंडाला फेस आला, गल्लीची पाचावर धारण बसली, पण मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो. तू मला देवमाणूस म्हणालीस. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

ती पाचर तिला चघळायला मीच टाकली होती. दुपारभर ती कण्हत पंजाने तोंड घासत होती. रस्त्यापलीकडची मोटार नुसती ऐकून तिचं बेअरिंग गेलंय हे सांगणारा मी; तो आवाज ऐकला आणि पेपरचं पान उलटलं. संध्याकाळी फेस दिसला. तिला माझ्याकडे सोडताना लस टोचलीय हे तू बजावून गेली होतीस, तरी ‘पिसाळली’ म्हणून बोंब ठोकली आणि तिला सामानाच्या खोलीत कोंडलं. दोन दिवसांनी डॉक्टरांना फोन केला, तो तपासायला या म्हणून नव्हे. शेवटचं इंजेक्शन घेऊनच या, म्हटलं.

डॉक्टरांनी दारातच विचारलं, "तोंडात पाहिलं का कुणी?"

"यांनी खिडकीतूनसुद्धा पाहिलं नाही," वहिनी म्हणाली.

जाड हातमोजे घालून त्यांनी पाहिलं. पाचर टाळूला आडवी रुतली होती. ती चिमट्याने निघाली. मग मला समजावत बसले: लाळ गिळता येत नाही आणि धाप लागते, तेव्हा तिचा फेस होतो. मळमळलं, काही कडू चाटलं, नुसती भीती वाटली तरी होतो. रोगाची शंका आली तर हात लावू नका, लगेच बोलवा. पण निकाल तुम्ही लावू नका.

काळी आता जेवते. मी दिसलो की कॉटखाली जाते. तू न्यायला ये, मी अडवणार नाही.

पाचर काढताना तिचं डोकं मांडीवर धरलं ते वहिनीने. मी गच्चीवर होतो, दाराला कडी लावून.

तुझाच म्हणवून घ्यायला कचरणारा,
दादा