पंपावरची खूण

२१ नोव्हेंबर २००१

जीप आज सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन बंद पडली. अगदी त्या दिवशीसारखीच! दहा मिनिटं थांबलो, पुन्हा लागली, पुन्हा गेली. मागे स्कूटरी खोळंबल्या. चौघांनी ढकलत दारात आणून सोडली.

तेरावा होऊन तीन दिवस झाले. पाहुणे गेले. घरात मी, बायको पद्मिनी आणि ही गाडी.

२२ नोव्हेंबर

एकदा सगळं लिहून ठेवतो.

जीपच्या इंजिनाचा डिझेल पंप आमच्या अभिनवने स्वतः खोलला. नवं राज्य झालं, नव्या ऑफिसांना भाड्याच्या गाड्या लागतात, आपली एक जीप लागली तरी पुरे—असं त्याचं म्हणणं. पंपात नवं सामान घातलं, उरला गावातल्या वर्कशॉपात टेस्ट बेंचवर तपासून आणला. खंडेनवमीला पंप पाटावर मांडून आम्ही हत्यारांसोबत त्याची पूजा केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तो बसवला. गाडी बूढातालाबच्या तलावापर्यंत गेली आणि बंद!

सगळ्या पाऱ्यासमोर, अख्ख्या मोहल्ल्यादेखत मी त्याला बोललो, "टायमिंग चुकवलंस. येत नाही ते उघडायचं कशाला?" मी चावी काढून खिशात टाकली.

पाचव्या दिवशी त्याला ताप आला. मलेरिया डोक्यात गेला. सहा तारखेला पोरगा गेला. मधल्या दिवसांत आमचं धड बोलणं झालंच नाही.

मला एवढंच पाहायचं आहे—पंप इंजिनाशी जुळवताना टायमिंग खरंच चुकलं होतं का. चुकलं असेल, तर मी निदान खोटं बोललो नाही.

२५ नोव्हेंबर

गुलाबराव आले. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तीस वर्षं फिटर होते. मी त्याच शेडच्या ऑफिसात.

बॉनेट उघडलं तेव्हा मी पान्हा उलटा धरला होता. म्हणाले, "नरहरभाऊ, तुमी जिंदगीभर फायली चालवल्या. इंजिनाले सही नाही लागत!" बऱ्याच दिवसांनी कोणी माझी थट्टा केली. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

"हवा घेऊन राहिली असन," म्हणाले. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला. एक बुडबुडा नाही. "इथवर डिझेल झकास येते." मग पंपाच्या कडेला वाकून बराच वेळ पाहत राहिले. पंप काढण्याआधी अभिनवने छिन्नीने एक बारीक रेघ ओढलेली आहे, अर्धी पंपावर, अर्धी इंजिनावर. दोन्ही तुकडे नीट जुळलेले.

"पोट्ट्यानं खूण तं बरोबर मिळवली."

"मग बंद काहून पडते?"

"थे मले काय मालूम!"

२८ नोव्हेंबर

गुलाबरावांचं पटलं नाही. आज एकट्यानेच पंपाचे नट ढिले केले आणि पंप इंजिनाकडे थोडा फिरवला. नुसती खडखड. उलट्या बाजूला फिरवला तर पांढरा धूर, शेजारच्या इंदूबाईंनी वाळत घातलेले कपडे आत नेले. आता रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब. हे मी काय केलं?

२ डिसेंबर

आजही नाही.

५ डिसेंबर

टाकी धुतली. नोझल तपासून आणले. नळ्यांचे वायसर बदलले. लागते, तलावापर्यंत जाते, दम तुटल्यासारखी होऊन बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा लागते, जणू काही झालंच नाही.

पद्मिनी आधी रोज दाराशी येऊन विचारायची, "लागली का?" आता विचारत नाही. आज जेवताना एकदम बोलली, "तो दुसऱ्या दिवशी पाहतो म्हणे. तुमीच तं चाबी काढून घेतली. त्यानं पाहिलं असतं."

मी पानावरून उठलो नाही. उठलो असतो तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

गुलाबराव पुन्हा येऊन गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, आता राहू द्या. हे गाडी काही अभिनव नोहे."

बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं. मी चहा विचारला. नको म्हणाले.

१२ डिसेंबर

बीरगांवचा धर्मपाल भंगारवाला गाडी पाहून गेला. "इंजन मर गया है, बाबूजी. लोहे के हिसाब से ले जाऊँगा." रविवारी येतो म्हणाला. मी हो म्हटलं. पद्मिनीने ऐकलं, आत गेली.

कुणाचं चुकलं ते आता कळायचं नाही. न कळताच जगायचं.

१४ डिसेंबर

पंप भंगारात द्यायचा नाही असं ठरवलं. तेवढा ठेवतो. त्याचे हात त्याला लागलेले आहेत. उद्या उतरवीन.

१५ डिसेंबर

पंपात डिझेल शिरतं तिथला पोकळ बोल्ट काढला. पंप बसवल्यापासून तो कोणी उघडलाच नव्हता. हातावर आपटला तर आतून तांदळाचे तीन दाणे पडले. डिझेलात दीड महिना राहूनही कुंकू गेलेलं नाही.

नवमीला हा बोल्ट पाटावर पंपाशेजारी उभा ठेवला होता. अक्षता मी वाहिल्या.

इंजिनाने डिझेल ओढलं की दाणे भोकावर बसत असणार, बंद पडलं की सुटत असणार. बोल्ट धुतला. पंप अभिनवच्या रेघेवर परत जुळवला. पहिल्या सेल्फला लागली. तलावाला तीन फेऱ्या मारल्या. बंद पडली नाही, शेवटी मीच केली. पद्मिनी दारात उभी होती. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

पूजेच्या वेळी अभिनव त्याच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला होता, "बाबा, चावल मत डालो, छेद खुले हैं. सिर्फ फूल रखो."

मी म्हणालो होतो, पूजा मला शिकवू नकोस.