वेगळा टॉवेल

बाबा, काल लेकीला घेऊन परळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. तुमची नात आठ वर्षांची आहे; ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. कोपरांच्या खोबणीत आणि गुडघ्यांच्या मागे तिला एक्झिमा आहे, खाजवून खाजवून रक्त येतं. डॉक्टरबाईंनी तिचा तळहात उजेडात धरला, रेषांचं दाट जाळं बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता तुमचा दाखवा." मला थंडीत हात फुटतात, एवढंच. पण रेषा तशाच. "घरात आणखी कोणाला होतं?" मी म्हटलं, "वडिलांना."

त्यांनी सावकाश समजावलं. त्वचेच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते तो थर घट्ट बांधून ठेवतं, आणि पुढे त्याचेच बारीक तुकडे होऊन ओलावा धरून ठेवतात. आपल्या घरात ते जन्मापासूनच कमी तयार होत असावं. मग ओलावा उडून जातो आणि साबण, धूळ, तिखट, काहीही आत शिरतं. "स्पर्शाने होत नाही हं," त्या म्हणाल्या. "आईवडिलांकडून मुलांत उतरतं."

तुम्ही लालबागच्या मसाल्याच्या दुकानात तराजूवर असायचात. "वहिनी, बेडगी वाढवा, रंग येईल," असं प्रत्येकीला सांगत मिरची तोलायचात. तळहाताच्या भेगांत तिखट गेलं की चेहरा आक्रसायचा, बोलणं मात्र थांबायचं नाही. एकदा एका बाईने पुढे केलेली पिशवी मागे घेतली. "ह्यांच्या हातचं नको. काहीतरी लागेल." शेठने तुम्हाला लगेच मागे, मसाला कुटायच्या डंखावर पाठवलं. मी शाळेतून येऊन तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

मला हात लावणं तुम्ही मी तान्ही असल्यापासूनच टाळायचात. त्यानंतर घरात तुमचा टॉवेलही वेगळा झाला, कप वेगळा झाला. आई चिडायची, "कोणाक लागणा नाय ता!" तुम्ही म्हणायचात, "पोरगी आहे. तिच्या अंगावर नको." मला ताप आला की तुम्ही दारातूनच विचारायचात, "उतरला का गं?" आणि आई माझ्या कपाळाला हात लावून तुम्हाला सांगायची. दहावीच्या निकालाला मी पाया पडले, तेव्हा डोक्यावर यायला निघालेला हात तुम्ही मध्येच थांबवलात, आणि खिशात घातलात.

जे मला लागू नये म्हणून तुम्ही इतके लांब राहिलात, ते मी जन्मतानाच घेऊन आले होते. हे कळलं असतं तर तुम्ही जवळ आला असतात, की स्वतःला दोष देत आणखी लांब गेला असतात? मला ठरवता येत नाही. म्हणून हे लिहिलेलं कोणालाच दाखवणार नाही, आईलाही नाही.

आज सकाळी आंघोळीनंतर लेकीच्या ओलसर अंगाला मलम लावत होते. तिने विचारलं, "आजोबांचे हात कसे होते?"

"खरखरीत, पण ऊबदार," मी म्हटलं.

खरखरीत दिसायचे, एवढं खरं आहे. ऊबदार होते का, ते मला माहीत नाही, बाबा.