मागच्या सीटवरचे हंडे

२४ फेब्रुवारी २०१६, बुधवार

लेकाचा, शंतनूचा फोन. ह्यांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी येऊन व्यवहार उरकतो म्हणाला. "कोण चालवणारे ती आता?" — आणि गाडी गेली की मला कायमचं पुण्याला नेणार. इथं पाणी तीन दिवसांआड, तिथं त्याच्या फ्लॅटमध्ये नळ कधीही सोडा. सगळं ठरलंय. मला विचारायचं तेवढं राहिलं!

माझं लायसन्स कपाटात आहे, हे त्याला अजून सांगितलेलंच नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

पाण्याचा दिवस. करंगळीएवढी धार, अर्ध्या तासात गुल. उरलेलं नेहमीसारखं गाडीतून आणलं, शेजारच्या सारजाबाईंच्या भावाच्या बोअरवरून.

हे दिवाळीत गेले. त्यानंतर गाडी शिकले ती ह्या पाण्यापायी. पुढं मी, मागच्या सीटवर बिनझाकणाचे हंडे. ब्रेक जोरात दाबला की पाणी माझ्या पाठीवर! क्लासवाल्यानं शिकवलं नाही तेवढं त्या हंड्यांनी शिकवलं. फक्त तिसऱ्या गियरच्या पुढं कधी गेले नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी जायचीच असेल तर एकदा घाट चढून बघते. म्हैसमाळ. सारजाबाई यायला तयार आहेत, पण घाटात त्यांना हमखास उलटी होते. पिशवी घेऊन येणार.

भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

२७ फेब्रुवारी, शनिवार

जाऊन आले!

पडेगावच्या पुढंही नुसत्या इमारती. मागं आलो तेव्हा इथं हरभरा होता. दौलताबादच्या घाटात जुन्या दरवाज्यातून गाडी काढताना हे मला म्हणायचे, "आरसा आत घे." आज मी सारजाबाईंना म्हटलं.

खुलताबाद सोडलं की चढ. डोंगर करपलेले, तळी कोरडी, आणि मधेच पळस — पान एक नाही, नुसता लालभडक. गाडी थांबवून बघत बसले. हे असते तर थांबले नसते, त्यांना पोचायची घाई. फार आठवण आली. आणि थांबता आलं म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

वळणं मी मागं हंडे भरलेले असल्यासारखी घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, वाजवू दिले. वर पोचल्यावर सारजाबाईंनी कोरडी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"आमच्या मालकाच्या जीपमंदी एकदा बी अशी आले नाय," म्हणाल्या. "मंग गाडी इकता कशाला?"



परतताना सपाटीवर चौथा गियर टाकला. काही झालं नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

शंतनूला आणायला गाडी घेऊन सिडको बसस्टँडला गेले. तो रिक्षा शोधत होता. मला स्टिअरिंगमागं बघून आधी आजूबाजूला बघितलं — कुणी आणलं हिला! बैस म्हटलं.

अर्ध्या वाटेपर्यंत तो त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक पायानं दाबत होता. मग थांबला.

"बाबांपेक्षा हळू चालवतेस," म्हणाला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. डोळे पुसले ते मला दिसलं.

गिऱ्हाईकाला त्यानंच फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. पुण्याचा हेका मात्र सोडत नाही.

२९ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे पाणी भरून ठेवलं. शंतनूला म्हटलं, चल, येते पुण्याला. दोन दिवस. माझ्या गाडीनं. पुढचं पाणी यायच्या आत परत.