बसचे तीस रुपये

३ मार्च
आजही तीस रुपये. पंधरा जायचे, पंधरा यायचे. मी चपला घालत होते, यांनी नेहमीसारखे हातावर ठेवले — 'बसला.' तिरुवैयारूला आईकडे गेले, भाजी घेतली, परत आले. तीसचे तीस मेथीच्या डब्यात! साध्या बसला बायकांना तिकीटच नाही, चार वर्षं होत आली. यांना कोण सांगणार? हे घराबाहेर पडत नाहीत. कंडक्टर कानाशी ओरडला तरी यांना ऐकू जायचं नाही.

११ मार्च
सिलिंडर सत्तेचाळीस दिवस पुरला. डाळ आदल्या दिवशी भिजवायची, भात-डाळ-भाजी एकाच कुकरला. दोन दिवसांआड डांगर पचडी — उडदाचं पीठ, दही, मिरची, गॅसचं काम नाही. शेजारच्या वरलक्ष्मीचा सिलिंडर तिसाव्या दिवशी संपतो. तिला युक्ती सांगितली नाही.

१२ मार्च
सांगितली. मिरवल्याशिवाय राहवेना.

१९ मार्च
वाईट दिवस. साईप्रिया अख्खं चरण बेसूर गायली आणि हे मान डोलावत 'भेष, भेष!' तिने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. सात जणी यांच्याकडे गाणं शिकायला यायच्या, दोन उरल्या. जाताना तिची आई दारात हळूच म्हणाली, 'मामी, मे महिन्यापर्यंत बघते. मग दुसरीकडे घालीन.' कानाच्या मशीनचा विषय काढला की हे भडकतात. 'सव्वीस हजार? कशाला? मला सगळं ऐकू येतं.' शिकवणं सुटलं तर हा माणूस बसल्या जागी खचेल. मला फार भीती वाटते.

२ एप्रिल
कॉफीत स्वस्तातली चिकोरी वाढवली. 'आज कॉफी झकास,' म्हणाले, वर आणखी अर्धा डबरा कॉफी मागून घेतली. मग पेपरातून डोकं वर काढून — 'वसू, तूरडाळ महागली गे.' पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय! मी गंभीर चेहरा केला. सांबारात महिनाभर रेशनची डाळ शिजते आहे.

देवनागरीत लिहिते म्हणून निर्धास्त. या घरात बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ; देवनागरी दुसऱ्या कोणाला येत नाही. 'काय लिहितेस एवढं?' 'स्तोत्र.'

२४ एप्रिल
सव्वीस हजार एकशेचाळीस! तीनदा मोजले. नोटांना मेथीचा वास येतो. येऊ दे.

२८ एप्रिल
मशीन आणलं. यांनी डबी उघडून बघितली. 'पैसे कुठले?' 'घरखर्चातून वाचवले.' बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. 'हुशार आहेस,' एवढंच म्हणाले आणि कानात घातलं. मग पंख्याकडे बघून — 'हा इतका आवाज करतो?' नऊ वर्षं करतो आहे, म्हटलं. हळू आवाजात म्हटलं. ऐकू गेलं!

५ मे
साईप्रिया चरणाला आली आणि यांनी हात वर केला. 'थांब. निषाद चुकला. परत.' पाच वेळा गायला लावलं. पोरगी रडकुंडीला आली आणि मी स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून हसते आहे. तिची आई जाताना म्हणाली, 'मामी, जूनपासून धाकटीलाही आणते.' जिंकले मी. चिकोरीने, रेशनच्या डाळीने आणि यांच्याच तीस-तीस रुपयांनी जिंकले!

९ मे
हे म्हणाले, 'मीही येतो तिरुवैयारूला.' नको म्हणायला कारण सापडेना. बसमध्ये कंडक्टर आला — 'सार, तुमचं एकट्याचं. अम्मांना तिकीट नाही.' मी खिडकीबाहेर बघत बसले. कान गरम झाले होते.

यांनी शांतपणे एक तिकीट घेतलं. 'बसच्या कपाळावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय गे. कान गेले होते, डोळे नाही. सुरू झालं त्याच आठवड्यात पेपरात वाचलं.'

'मग दर खेपेला तीस रुपये?'

'तुझे म्हणून काही असावेत तुझ्याकडे. आणि तू ते माझ्याच कानांवर घालवलेस.'



१० मे
चपला घातल्या. हातावर तीस रुपये. 'बसला.'
घेतले.