म्युनिकची हुकलेली फेक

मी, एकबर्ट राउटेनबर्ग, वय अठ्ठ्याहत्तर, कारखान्यातला निवृत्त टर्नर व एके काळचा हातोडाफेकपटू, राहणार हिल्खेनबाख, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचे नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझी पत्नी इर्मा हिच्या सांगण्यावरून केले होते.

घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी आल्मुट हिला. स्वयंपाकघरातले टेबल तिने मोडीत काढले तरी माझी हरकत नाही. त्या टेबलाशी बसून मी दर नाताळला माझे प्रशिक्षक ओहलेनडॉर्फ यांच्या नावाने बोटे मोडली, आणि इर्मा मुकाट्याने बटाटे वाढत राहिली.

१९७२ चे ऑलिम्पिक आमच्याच देशात, म्युनिकला होते. माझी निवड झाली होती. वसंतात मणका दुखावला. हे ठाऊक होते दोघांनाच: इर्माला, आणि माझ्याबरोबर सराव करणाऱ्या फोल्कमारला. गिरक्या घेऊन हातोडा सोडला की डोळ्यांपुढे काजवे चमकत; पण हातोडा जात होता लांब. जुलैत संघाच्या डॉक्टरांनी बोलावले, नेमके त्याच मणक्यावर बोट ठेवले आणि माझे नाव कापले. अंतिम फेरी मी लेथपाशी उभा राहून रेडिओवर ऐकली. सरावात प्रशिक्षकांनी ओळखले असणार, चुगली त्यांचीच, असे धरून मी त्यांच्या अंत्यविधीलाही गेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी इर्माला पुरून आल्यावर सगळे खानावळीत कॉफी-केकला बसले होते. फोल्कमार माझ्या शेजारी येऊन बसला.

"एकी, आता ती गेली, म्हणून सांगतो. डॉक्टरकडे इर्मा गेली होती. मीच नेलं तिला गाडीतून."

"काय बोलतोयस तू?"

"पोटुशी होती रे ती. म्हणाली, हा चाकाच्या खुर्चीला खिळला तर मी काय करू?"

"मग मला विचारायचं होतंत!"

"विचारलं असतं, तर ऐकलं असतंस?"

मी कप खाली ठेवला आणि पायीच घरी आलो. मी आजही ताठ चालतो. त्या दोघांनी मला थांबवले म्हणून, की मणक्याला तसा धोका मुळात नव्हताच म्हणून, हे मला आता कोण सांगणार?

माझे राष्ट्रीय विजेतेपदाचे पदक ओहलेनडॉर्फ यांची मुलगी गेझिने हिला. आल्मुटने ते स्वतः नेऊन द्यावे, आणि माझ्या वतीने माफी मागावी. ती दारातून हाकलेल, हाकलू दे.

हातोडे क्लबला. ते मैदानावर वापरावेत, कपाटात सजवू नयेत.

आल्मुट, तुझा यात दोष नाही. तू पोटात होतीस एवढेच.

इर्माच्या थडग्यावर दर वसंतात बेगोनियाची फुलझाडे लावावीत. तिला लाल आवडत. तिच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखली होती. ती फोल्कमारला द्यावी. माझ्याविषयी जे ठरवायचे ते त्या दोघांनी माझ्यावाचून ठरवले. पुढचेही तिथेच ठरवू देत. मला भिंतीलगत, एकट्याची जागा घ्यावी.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार:
१. हाइनर श्टोल्टे, शेजारी
२. ऊर्झेल ब्राख्ट, परिचारिका

सही: एकबर्ट राउटेनबर्ग
हिल्खेनबाख, ११ मार्च २०२४