चार नंबरची घंटा

१० नोव्हेंबर १९६९, सोमवार
तळेगाव स्टेशनवर शीतगृहाची जीप घ्यायला आली होती. सुदुंबऱ्यापर्यंत सारा रस्ता हिरवागार. खोलीच्या खिडकीतून भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. मॅनेजर त्र्यंबकराव दिलदार माणूस. हातपाय धुतो न धुतो तोच पोहे आणि चहा समोर. इमारत नवी कोरी, बियाण्याचे बटाटे ठेवायला चार थंड खोल्या. त्यांना धोक्याच्या घंटेचं पॅनेल बसवायचं, दहा दिवसांचं काम. कंपनीनं मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलंय. रजनीला पत्र टाकलं, पुढच्या वेळी तुलाही आणतो म्हणून.

१२ नोव्हेंबर
सगळ्या अटी कागदावर मांडून वायरिंग केलं. खोली तापली तर पिवळा दिवा. दार बाहेरून बंद असेल आणि आतली दोरी कुणी ओढली, तर त्या खोलीचा लाल दिवा आणि घंटा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्यात. एक जरी नसली तरी रिले, म्हणजे घंटा जोडणारा पॅनेलमधला खटका, हलत नाही. प्रत्येक खोलीत राखणदार महिपती आबांना उभं करून दार लावलं, दोरी ओढायला लावली. चारही वेळा घंटा खणखणली! मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. हमालांपैकी कुणी हसलं नाही. प्यायला पाणी मागितलं, कुणी उठलं नाही. एकजण माझ्या बुटाशेजारी थुंकला.

१४ नोव्हेंबर
दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. लाल दिवा चारचा. माणसं सगळी बाहेर भाकरी खात होती. दार उघडलं, आत कुणी नाही. दोरी मात्र हलत होती. पंखे बंद होते.
वायर ओलसर झाली असेल. तिसरी अट घातली: दोरी दहा सेकंदांत तीनदा ओढली, तरच घंटा. आता ओल काही मोजून तीनदा ओढायची नाही.

१५ नोव्हेंबर
एक दहा. पॅनेलसमोर उभा होतो. रिले खट्. खट्. खट्. मग घंटा.
महिपती आबांना बाजूला घेतलं. ते आधी बोलेचनात. मग सांगितलं. गेल्या महिन्यात मशीनं पहिल्यांदा चालवून पाहिली. शनिवारी दुपारी एक वाजून गेल्यावर घाईत चार नंबरला कडी घातली. वाडीवरचा हमाल नवसू आतच राहिला. दार उघडलं ते सोमवारी. बोटांची सालं निघाली होती, म्हणाले. त्या वेळी आत घंटा नव्हती, दोरीही नव्हती.
फाटकाशी रोज एक बाई बसते. ती त्याची बायको, गंगी. आज तिच्यासमोर थांबलो. तिनं मान वर केली.
“त्यानं लय हाका मारल्या आसतील. तवा कुटं व्हती तुमची घंटी?”


१७ नोव्हेंबर
त्र्यंबकरावांनी कागद पुढे केला. घंटा एक ऑक्टोबरपासून चालू आहे, असा दाखला. नवसूनं दोरी ओढली नाही, तो दारू पिऊन झोपला असावा, असं पुढे चौकशीत म्हणता येईल. मी कचरलो. ते गोड आवाजात म्हणाले, “गंगाधरपंत, तुमच्या कंपनीला आम्ही आणखी तीन इमारती देणार आहोत.”
सही केली.
एक दहाला घंटा वाजली नाही. दिवसभर नाही. सुटलो.

१८ नोव्हेंबर
वाजली. चार नाही. तीन नंबर.
दार उघडलं. पोत्यांवर ओल्या हातांचे ठसे. बोटांची टोकं सोललेली.

१९ नोव्हेंबर
दोन नंबर. हमाल कामावर आलेच नाहीत. महिपती आबाही किल्ल्या ठेवून गेले. जाताना एवढंच म्हणाले की तो आजवर मदतीसाठी दोरी ओढत होता. आता तो कशासाठी येतोय, ते तुमी जाणा.
पहिल्या गाडीनं लोणावळ्याला गेलो, त्र्यंबकरावांच्या बंगल्यावर. कागद परत मागितला. तो चौकशीसाठी पुण्याला गेला, असं कळलं. ते हसले. म्हणाले, चिक्की घेऊन जा, घरी द्या.

२० नोव्हेंबर, दुपार
पॅनेल उतरवून पुण्याला जायचं, कागद खोटा आहे म्हणून सांगायचं, असं ठरवून आलो. मेन स्विच खाली ओढला. वायर तोडल्या. सगळ्या.
एक दहा. एक नंबर. दिवा लागला —
वायर तोडलेली आहे. माझ्या हातात आहे.

एक पंधरा
पॅनेलच्या खोलीत आहे. बाहेर बोळात पावलं. अनवाणी. ओली.
या खोलीला दोरी नाही, दिवा नाही, अट नाही. तरी रिले —
खट्.
दाराची कडी बाहेरून पडली. आत्ता. हाका मारल्या. फाटकापर्यंत ऐकू जायला हवं. खिडकीच्या गजांतून गंगी दिसते. इकडेच पाहतेय. उठत नाही.
खट्.
श्वासाची वाफ होतेय. बोटं वळत नाहीत. लिहून ठेवतो, कुणाला तरी सापडेल. नवसू मेला तेव्हा घंटा नव्हती. दोरी नव्हती. दाखला खोटा आहे, त्यावरची सही माझी, मी ती दबावाखाली नाही, स्वतःच्या —